थोरलीची बाजू

४ मार्च, मंगळवार

लिही: ही वही मी हौसेने लिहून घेत नाहीये.

व्यायामवाली बाई आठवड्यातून तीनदा येते आणि माझा डावा हात पीठ मळावं तसा मळते. आज म्हणाली, "आजी, दिवसभरात काय घडलं ते रोज आठवून कुणाला तरी सांगत जा. डोकं तल्लख राहतं." मी म्हटलं, "बाई, झटका हाताला आलाय, डोक्याला नाही." तर म्हणते, "हाताची तार डोक्यातूनच निघते." तारांचं मला सांगते! माझ्या नवऱ्याचा उभा जन्म तारा जोडण्यात गेला. पण बोलली ते बरोबर होतं, म्हणून मी तोंड मिटलं.

हे शेवटचं लिहिलंस का गं? लिहिलंस. असू दे. ठरलंय आपलं, खोडायचं नाही.

मला अक्षरओळख नाही. मी बोलते, नात लिहिते. कॉलेज संपवून नोकरीची वाट बघत बसली होती, तिला तिच्या बापाने महिनाभर माझ्याकडे धाडलीय. सोबतीला, म्हणे. तुरुंगात कैद्यालाही सोबत असतेच की.

आता खरी बातमी. संध्याकाळी मुलगा आला, ऑफिसातून परस्पर. खुर्चीत टेकलासुद्धा नाही, उभ्याउभ्या फर्मान काढलं. महिनाअखेरीला डॉक्टर हात तपासणार. डाव्या हाताने भरलेली किटली उचलता आली पाहिजे, गॅस बंद करता आला पाहिजे, कुलपात किल्ली फिरवता आली पाहिजे.

"नाही आलं तर?"

"तर तू माझ्याकडे. कायमची."

"आणि हे घर?"

"बंद ठेवू."

"आणि मशीन?"

पुढच्या खोलीकडे त्याने मान वळवली नाही. "ते लिफ्टमध्ये मावत नाही, आई."

चौथ्या मजल्यावर राहतो तो. मी म्हटलं, "मीही मावत नाही."

चाळीस वर्षं या घरात काढली. इथून मला हलवायचं तर चार माणसं लागतील, आणि तेव्हा मी आडवी असेन. हे जाड अक्षरात लिही.

५ मार्च, बुधवार

वही वाचणाऱ्याला मशीन म्हणजे शिलाईचं वाटेल, म्हणून सांगून ठेवते.

माणसाएवढं उंच लाकडी खोकं. काचेमागे पडदा, खाली डाव्या हाताला दांडी, उजव्या हाताला सहा बटणं, अशा दोन जोड्या, दोन गड्यांसाठी. टोकन टाकलं की चित्रातली दोन माणसं एकमेकांना बडवतात. एका जुन्या जपानी कार्टून मालिकेवरून केलेला मारामारीचा गेम. आमचे हे गेम पार्लरमध्ये मशीनं दुरुस्त करायचे. तीस वर्षांपूर्वी पार्लर बंद झालं, तेव्हा मालक म्हणाला, ज्याला जे हवं ते न्या. कुणी खुर्च्या नेल्या, कुणी पंखे नेले. ह्यांनी हे धूड आणलं. मी आठ दिवस बोलले नाही. नवव्या दिवशी एक डाव खेळून पाहिला. मग आठ दिवस हे बोलले नाहीत, कारण त्यांची पाळीच येईना.

पडद्यावर लिहून येतं ते मला कुठलं वाचता यायला? हे वाचून दाखवायचे. धुक्याचं एक खोरं असतं. तिथे पाच भावंडं. आई गेल्यावर थोरलीने चौघांना वाढवलं. पांढऱ्या केसांची, हातात पंखा. पण पुढे रुसून एकेक जण निघून गेला. नावं आम्हीच पाडलेली: वेणीवाली डोंगरात, मडकं नदीवर, बगळा जंगलात, धाकटा कुठे ते कुणालाच ठाऊक नाही. थोरली एकेकाला हुडकते. समजावून कुणी येत नाही, म्हणून आधी बडवते. हरलेलं भावंड गुडघे टेकून बसतं, आणि खाली दोन ओळी उमटतात. हे वाचायचे: "ऊठ. हातपाय धू. जेवण निवतंय."

म्हणून मी थोरलीच घेते. तीस वर्षांत दुसरं कुणी घेतलेलं नाही.

झटक्यानंतर डाव्या हातात दांडी ठरत नाही. आज नातीने रुमालाने माझं मनगट दांडीला बांधलं. पहिल्याच लढतीत मडक्याने मला चारी मुंड्या चीत केलं. मडक्याने! ज्याला मी भाजी चिरता चिरता हरवायची.

८ मार्च, शनिवार

व्यायामवालीने रंगेहाथ पकडलं. स्पंजाचा लाल चेंडू घेऊन ती आली, तर मी मशीनला बांधलेली.

"आजी! हे काय?"

"व्यायाम."

"मी चेंडू शंभर वेळा दाबायला सांगितला होता."

"दाबला. एकदाही ओरडला नाही. हे बघ, हे मडकं कसं ओरडतं."

ती कंबरेवर हात ठेवून बघत राहिली. मग खुर्ची ओढून बसली आणि माझ्या मनगटाच्या हालचाली मोजू लागली. खाली, तिरपं, पुढे. खाली, तिरपं, पुढे. याला आम्ही कोर म्हणतो, चंद्राची कोर. थोरलीच्या पंख्यातून वारा सुटतो. दांडी पुढून खालून मागे अख्खी ओढली तर तो विळा. विळा म्हणजे थोरली समोरच्याला बकोटीला धरून आपटते. कोर मला चारात एकदा जमते. विळा अजिबात नाही.

"विळा जमला तर किल्ली फिरेल," व्यायामवाली म्हणाली. "मनगट तेच लागतं."

जाताना विचारते, "त्या बगळ्याला हरवायचं कसं?" म्हटलं, बस. उडी मारायच्या आधी तो खाकरतो. कान दे.

माझ्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे. मी अर्धा गेम कानानेच खेळते.

११ मार्च, मंगळवार

आज माझं आणि मुलाचं दारावरून वाजलं.

मी दवाखान्यात होते तेव्हा या गृहस्थाने मला न विचारता माझं दार बदललं. चांगलं जुनं सागवानी दार, आतून लोखंडी कडी. त्या जागी हे पातळ दार, त्याला बाहेरूनही उघडणारं कुलूप, आणि कडी नाहीच. एक किल्ली त्याच्या खिशात. म्हणजे वाटेल तेव्हा आत. चौकटीलाही एका बाजूला नवं लाकूड ठोकलंय, रंगसुद्धा जुळत नाही.

"माझी कडी कुठाय?"

"मोडली."

"चाळीस वर्षं नाही मोडली ती."

"आता मोडली," म्हणाला, आणि उठून मशीनच्या मागे जाऊन आवाजाचं बटण फिरवून बंद केलं.

हे त्याचं नेहमीचं झालंय. आला की आधी आवाज बंद. पायातले बूट नंतर. मशीन नुसतं उभं असलं की आपली सुरुवातीची धून वाजवत राहतं, गिऱ्हाईक बोलावल्यासारखी. ती त्याला सोसत नाही. बापाच्या हातची एवढी एकच वस्तू उरलीय, तिच्यावरही राग. ऑफिसात गेलं की माणसाच्या कानाला इस्त्री होते बहुतेक.

तो गेल्यावर नात म्हणाली, "आजी, त्या दिवशी बाबा..." आणि थांबली.

"त्या दिवशी काय?"

"काही नाही."

हेही लिही म्हटलं. लिहिलंय, पण तोंड पाडून.

१५ मार्च, शनिवार

नातीने लॅपटॉपवर मला एक गंमत दाखवली. या मालिकेवर असे मारामारीचे चार गेम निघाले होते, आपला दुसरा. जगभरातली मोठी माणसं अजून त्यावरून भांडतात, कुठला चांगला. बरं वाटलं. मला वाटायचं मी एकटीच रिकामटेकडी.

चारही खेळून पाहिले. माझा निकाल लिहून ठेव. पहिल्यात सगळे कंबरेत भरल्यासारखे उड्या मारतात, लाथ मागितली की उद्या मिळते. तिसऱ्यात नुसता लखलखाट, कोण कुणाला मारतंय ते डोळे निवल्यावर कळतं. चौथ्यात सगळ्यांची चित्रं मेणाच्या बाहुल्यांसारखी गोल केलीत आणि थोरली तर तरुण करून टाकलीय! पांढरे केस काळे. कुणी सांगितलं होतं? आपल्या दुसऱ्यात प्रत्येक ठोशाला वजन आहे. मारला तर लागतो, चुकला तर तोल जातो. संसारासारखा.

नात हसली आणि म्हणाली, लोकही दुसराच म्हणतात. मग लोक शहाणे आहेत.

१६ मार्च, रविवार

मुलगा सकाळी सकाळी आला. डॉक्टरांशी बोलला होता म्हणे. किटलीचं जमेल, गॅसचं जमेल, किल्ली काही या महिन्यात फिरायची नाही. तेव्हा उगाच महिनाअखेरीची वाट कशाला, पुढच्या शनिवारीच सामान हलवू.

मी म्हटलं, "परीक्षेआधीच निकाल? अशी कुठली शाळा रे तुझी?"

"आई, हट्ट करू नकोस. तू एकटी असताना पुन्हा काही झालं तर?"

"तर होईल. सुंभ जळेल, पीळ राहील."

"मला पीळ नकोय गं, मला..." पुढचं गिळलं त्याने.

तेव्हा माझं डोकं चाललं. "किल्ली राहू दे. मी मशीनवर परीक्षा देते. तीस तारखेला, तुझ्याशी. तीन डाव. मी जिंकले तर या घरातून मला कुणी हलवायचं नाही, नाव काढायचं नाही. तू जिंकलास तर निमूट येईन."

"मी पंचवीस वर्षांत हात लावला नाहीये त्याला."

"आणि माझा हात अर्धाच चालतो. झाली बरोबरी. का घाबरतोस? धाकटा घेऊन आयुष्यभर माझ्याकडून मार खाल्लास, आणखी एकदा खा."

बराच वेळ तो जमिनीकडे बघत होता, मशीनपासून तीन पावलांवर, फरशीच्या एकाच जागेकडे. तिथे काहीच नव्हतं, मी नंतर जाऊन पाहिलं.

"शब्द?" तो म्हणाला.

"शब्द."

१९ मार्च, बुधवार

आज नातीने माझ्या तीस वर्षांना सुरुंग लावला.

तिच्या फोनमध्ये सोय आहे, कुठल्याही भाषेवर कॅमेरा धरला की आपल्या भाषेत वाचून दाखवतो. मी बगळ्याला हरवलं (रुमाल न बांधता!), तो गुडघ्यावर बसला, ओळी आल्या. नातीने फोन धरला.

"काय म्हणतो फोन?"

"आजी, फोन चुकत असेल."

"चुकीचं तर चुकीचं, वाच."

तिने वाचलं. "रडू नकोस. तुझ्या गावाची राख अजून गरम आहे."

मला वाटलं मशीन बिघडलं. मग तिने ती कार्टून मालिका हुडकून काढली आणि आम्ही दुपारभर बघितली. भावंडं नाहीतच. चौघे चार गावांचे, आणि चारही गावं जाळणारी कोण? थोरली. म्हणते, खोरं माझं, पाणी माझं, धुकंसुद्धा माझं. सगळे मिळून तिच्यापासून सुटायला बघतात. आणि शेवटी धाकटा तिला कड्यावरून ढकलतो, तेव्हा सगळं खोरं नाचतं.

"पण ह्यांनी वाचून दाखवलं होतं," मी म्हटलं.

नात हळूच म्हणाली, "आजी, आजोबांना जपानी येत होतं का?"

मला काय ठाऊक, लिहिण्याच्याही जाती असतात? मला वाटायचं अक्षर ते अक्षर, ज्याला येतं त्याला सगळं येतं. पहिल्या दिवशी मी विचारलं, "अहो, काय लिहिलंय?" आणि त्या माणसाला "मला वाचता येत नाही" म्हणवलं नाही. माझ्यासमोर तर नाहीच. एकदा थाप मारली, मग जाईपर्यंत निभावली. रोज. न चुकता. एका शब्दाचाही फरक न करता.

म्हणजे त्या पडद्यापुढे आम्ही दोघंही अडाणी होतो. फक्त त्यांनी मला कळू दिलं नाही.

आज जेवले नाही नीट. भूक नव्हती, बाकी काही नाही.

२० मार्च, गुरुवार

सकाळी मुलाला फोन लावायला सांगितला. "थोरली दुष्ट आहे, तुला ठाऊक होतं?"

म्हणाला, "कॉलेजात असल्यापासून. एका मुलाकडे मालिकेच्या कॅसेटी होत्या."

"मग बोलला का नाहीस?"

"बाबांचंच जास्त चांगलं होतं."

फोन ठेवला मी. मग रागच आला. मालिका काढणाऱ्यांचा. दुपारी पुन्हा बघायला लावली, आणि एक गोष्ट सांगते: थोरलीला कुणी विचारतच नाही, बाई तू असं का केलंस? पहिल्या भागात म्हातारी एकटी धुक्यात उभी आहे, बस, झाली दुष्ट. पांढरे केस आणि मोठा आवाज, एवढ्यावर लोक बाईला राक्षसीण ठरवतात. चार गावांचा पसारा सांभाळायचा म्हणजे आवाज चढतोच.

मी थोरलीच घेणार. ह्यांचं वाचन खरं. फोनला काय कळतंय.

२६ मार्च, बुधवार

लिही, मोठं लिही: विळा निघाला.

अकराच्या सुमाराला, वेणीवालीवर. खांद्यापासून कळ आली, बोटं दांडीवरून निसटता निसटता वळली, आणि थोरलीने तिला उचलून आपटली. व्यायामवाली खुर्चीतून उठून टाळ्या पिटायला लागली आणि नातीने माझ्या गालाची पापी घेतली. दोघींना ओरडले, कारण लढत चालू होती आणि त्यांच्या गोंधळात मी हरले.

दिवसभरात पंचवीस वेळा केला. तीनदा निघाला.

२९ मार्च, शनिवार

डॉक्टरांची परीक्षा. किटली उचलली. गॅस बंद केला. किल्ली कुलपात घातली आणि तिथेच राहिली, मी आणि किल्ली एकमेकींकडे बघत.

तीनपैकी दोन. शाळेत गेले असते तर पास झाले असते. मुलाने किल्ली काढून खिशात टाकली. मीच म्हटलं, "उद्या ये. बोटं शेकून ये."

३० मार्च, रविवार

सगळं ओळीने सांगते, मध्ये बोलू नकोस.

मुलगा दहाला आला. आवाज बंद करायला मागे निघाला, मी आडवी गेले. "आज नाही. मी कानाने खेळते, तुला माहितेय." मागे सरला. दोघं शेजारी उभे राहिलो. मी थोरली, तो धाकटा. हाताला सवय असते, दांडी धरताच त्याचा अंगठा वर झाला, चौदाव्या वर्षी व्हायचा तसा.

पहिला डाव मी सरळ जिंकले. इतका सरळ की राग आला. धाकटा नुसता उभा राहून मार खात होता.

"मुद्दाम हरतोस? मला भीक नको तुझी."

"मुद्दाम नाही." तळवे पँटला पुसले त्याने. दोन्ही तळवे ओले. "आई, आवाज बंद करू दे ना."

"का?"

"बाहेरून हाच ऐकू येत होता. मी दार वाजवतोय, तुला हाका मारतोय, आणि आतून फक्त ही धून. पुन्हा पुन्हा. एक तास."

"कधी?"

नात खाली वहीत बघत होती.

मला त्या दिवसाचं काही आठवत नाही. सकाळी टोकन टाकलं होतं एवढं आठवतं, त्यानंतर दवाखान्याचं छत. मधलं मी कुणाला विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही. मला वाटलं होतं, सांगण्यासारखं काही नसेल.

मी मागे गेले आणि माझ्या हाताने बटण फिरवलं. डाव्या. "घे. आता हरलास तर सबब उरणार नाही."

यात मायाबिया काही नाही, लिहून ठेव. कच्च्या गड्याला हरवण्यात मजा नसते.

खोलीत चिडीचूप. नुसती बटणांची खटखट. दुसरा डाव त्याने घेतला. धाकट्याची उडी मला ऐकूच आली नाही, दिसली तेव्हा डोक्यावर होती. तिसऱ्याला मी जागची हलले नाही, त्याला येऊ दिलं. आला की कोर, आला की कोर. मार बसेल तशी घटणारी पट्टी पडद्यावर असते; त्याची अर्धी, माझी पाऊण. मग त्याने बापाची जुनी चाल काढली, वाकून पाय धरायची. मी विसरले होते ती. माझी पट्टी झरझर उतरली. विळा मारला. निघाला! थोरलीने त्याला धरून आपटला आणि दोघांच्या पट्ट्या जवळजवळ सारख्या झाल्या. तेवढ्यात वेळ संपली.

वेळ संपली की ज्याची पट्टी जास्त तो जिंकला. नखाएवढी जास्त होती. त्याची.

मी दांडी सोडली. "पिशवी भर गं," नातीला म्हटलं.

"आई, राहू दे," मुलगा म्हणाला.

"काय राहू दे?"

"जायचं राहू दे. तू तो विळा मारलास. हात येतोय तुझा. मी रोज येऊन बघून जाईन."

"म्हणजे तू जिंकायचं आणि वर दयाही तूच करायची? हरलेय मी, बिचारी झालेली नाही. शब्द दिला होता."

"मी सोडतो तुला शब्दातून."

"तू कोण सोडणारा? शब्द माझा आहे."

अर्धा तास भांडलो. तो म्हणतोय थांब, मी म्हणतेय निघ. अख्खा महिना याच्या उलटं चालू होतं. शेवटी मीच दाराला कुलूप लावलं, किल्ली मात्र नातीला फिरवावी लागली.

मला कुणी नेलं नाही. मी हरून गेले. यात फरक आहे, आणि तो कळत नसेल त्याने ही वही वाचू नये.

२ एप्रिल, बुधवार

चौथा मजला. सुनेने खोली छान दिलीय, खिडकी, कपाट, उशाशी घंटा. घंटा कशाला म्हटलं. म्हणते, "आई, काही लागलं तर वाजवा." वाजवली. धावत आली. म्हटलं, काही नाही, चालतेय का ते पाहिलं. पुन्हा वाजवली. आता ती जपून येते.

माझ्या दुष्टपणाला इथे वाव आहे.

५ एप्रिल, शनिवार

लिफ्टमध्ये मशीन मावत नाही हे मुलाचं खरं होतं. पण चार फेऱ्यांत मावतं. हे दुरुस्ती करायचे तेव्हा बॅटरी धरून कोण उभं असायचं? आधी मागची फळी, मग पडदा, तो दोघांनी धरायचा आणि त्याच्या मागे निघालेल्या काचेच्या मानेला हात लावायचा नाही, मग दांडी-बटणांचा पाट, शेवटी खोकं. मी खुर्चीत बसून सांगत गेले, मुलगा आणि नात स्क्रू काढत गेले. त्याने एकदा चुकीची तार उपटली, तेव्हा मी "अहो!" म्हणून ओरडले. ओरडल्यावर कळलं, कुणाला ओरडले. त्याने तार पुन्हा जागेवर बसवली.

सुनेचा सोफा गॅलरीत गेला. ती म्हणते तात्पुरता. मी काही म्हटलं नाही.

९ एप्रिल, बुधवार

नवा करार झालाय. रोज संध्याकाळी, तो ऑफिसातून आला की एकच डाव. ज्या दिवशी मी जिंकेन त्या दिवशी मी माझ्या घरी, आणि मग कुणी हरकत घ्यायची नाही. पहिले तीन दिवस हरले. आवाजाशिवाय मी आंधळीच.

आज सकाळी नातीला घेऊन खाली फिरून आले. वर आल्यावर दाराचं कुलूप मी उघडलं. कुठल्या हाताने ते तिला माहितेय, तिने टाळी दिलीय. घरात कुणाला सांगायचं नाही असं ठरलंय.

संध्याकाळी मुलगा आला. बूट काढले. मशीनच्या मागे गेला आणि बटण फिरवून आवाज सुरू केला. थोडासाच. म्हणाला, "तू कानाने खेळतेस ना. मग नीट खेळ."

धून वाजत होती आणि तो शेजारी येऊन उभा राहिला. हात पँटला पुसले, एकदाच.

काय डाव झाला म्हणून सांगू! सून हातातलं काम टाकून दारात उभी. धाकटा उडी मारायच्या आधी नाकाने श्वास ओढतो, तो ऐकला की मी पंखा वर. तीनदा हवेतच टिपला. मुलगा ओरडत होता, "चीटिंग, आई, चीटिंग!" आणि हसत होता, तोंड उघडं टाकून, वरचे सगळे दात दिसतील असं. ते दात मी किती वर्षांत पाहिले नव्हते. त्याची पट्टी संपत आलेली. धाकटा कोपऱ्यात भिंतीला टेकलेला. वीस सेकंद बाकी. एक विळा, आणि उद्या सकाळी मी माझ्या घरात, माझ्या खुर्चीत.

विळा निघाला नाही. धाकट्याने उठून मला झोडपलं आणि मी हरले.

हात आखडला. आयत्या वेळी आखडतो कधीकधी, वयाचा दोष.

आता ही नात पेन धरून नुसती माझ्या तोंडाकडे बघत बसलीय. काय बघतेस? हात आखडला म्हटलं ना. तसंच लिही.